तुझ्या नावाच्या ओळीवर

परवा तुझी सीडी मी आंब्यावरून काढली, यशा. झेल्यानं हापूस उतरवावा तशी, खालून दोरी तोडून, अलगद. एका हातात छत्री, एका हातात झेला. पावसानं नुसता वैताग आणला होता. तुझी सुलभा पडवीतून ओरडत होती, "वन्सं, पडशाल! ऱ्हाऊदे ती!" मी काही राहू दिली नाही. तुला जाऊन अजून महिना झालेला नाही, आणि मी तुझ्या कलमांमधून तुझा आवाज शोधत फिरत होते.

त्या सीड्या तूच तिथे टांगल्या होत्यास. उन्हात चकाकल्या की वानरं बुजतात असं तुला कुणीतरी सांगितलं, आणि विकल्या न गेलेल्या सगळ्या तू फांद्यांना बांधून टाकल्यास. मी म्हटलं, "अरे, स्वतःचा आवाज असा झाडाला टांगतात का?" तू म्हणालास, "मानसां इकत घेत नाय, निदान वानरां तरी बगतील." वानरं चार दिवस बुजली, मग त्यांना सवय झाली. काढलेली सीडी मी पदरानं पुसली तर तिचा चंदेरी मुलामा पदराला आला. पलीकडचं माझं बोट दिसत होतं. तरीही ती पावस गावी, मी शिकवायचे त्या शाळेत घेऊन गेले. मी निवृत्त झाले तरी तिथे मला अजून कुणी अडवत नाही. जुन्या संगणकात घातली, तो जरा वेळ घरघरला आणि सीडी बाहेर ढकलून मोकळा झाला. घरात ठेवलेल्या तर कधीच चरे पडून गेल्या होत्या, आणि झाडावर ही एकच उरली होती.

मला अख्खी सीडी नको होती रे. मला तिच्यातली एक ओळ हवी होती.

तुला जाखडी समजावून सांगणं म्हणजे वेडेपणाच, पण हल्ली मी सगळं मलाच सांगत बसते. गणपतीत नाचणारे पायात चाळ बांधून गोल फिरतात, मधे ढोलकीपाशी शाहीर बसतो. समोर दुसऱ्या गावचा शाहीर, या सामन्याला बारी म्हणायचं. दरवर्षी नवी गाणी बांधायची, गेल्या वर्षीचं गाणं यंदा गायलं तर समोरचा हसतो. आणि शेवटच्या कडव्यात शाहीर स्वतःचं नाव घालतो, गुरूचं नाव घालतो. गाणं कुणाचं ते त्या ओळीवरून कळायचं. बाकीचे शाहीर ती ओळ घाईघाईत उरकतात. तू तिथे ढोलकी थांबवायचास. मागे साथ धरणाऱ्या झीलकऱ्यांनाही गप्प करायचास, आणि ती ओळ एकटा, सावकाश म्हणायचास. मी विचारलं तेव्हा म्हणालास, "नावाला ताल कशाला, बाय? नाव आपल्या पायावं उभा ऱ्हायला पायजे."

'कातळावरचं पाणी' तू बांधलंस तेव्हा दिवसभर मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात होतास. ट्रॉलरवाले लाद्यांसाठी खोळंबलेले, आणि तू बर्फ फोडायच्या यंत्राच्या खडखडाटावर चाल बसवत होतास. मालक तुला शिव्या घालायचा. पण गाणं काय उतरलं होतं!

कातळावर साचलं पाणी, त्यात आभाळ उतरलं
आई म्हणे भर घागर, बाळ म्हणे ते फुटलं

हे आपलंच होतं. आपल्या आईचं होतं. उन्हाळ्यात ती कातळ तुडवत पाणी आणायला जायची, तू तिच्या मागे मागे. शेवटच्या ओळीत गुरूच्या जागी तू आईचं नाव घातलंस, भागीरथी. जुनी मंडळी रुसली. गुरूचं नाव गाळलं म्हणजे काय! तू म्हणालास, गाणं मला जिनं शिकवलं तीच माझी गुरू. अरे, तिला जन्मभर सगळे 'यशाची आय' म्हणाले. रेशनकार्डाशिवाय तिचं नाव कुठे होतं? पहिल्यांदा देवळात तू ती ओळ म्हटलीस तेव्हा मी बायकांच्या घोळक्यात मागे उभी होते. भागीरथीच्या आधी तू एक शब्द घातला होतास. एकच शब्द, तिच्यासाठी. तो ऐकल्यावर शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईनं माझा हात धरला. मी मनात म्हटलं, याला हा कुठून सुचला ते विचारायला हवं. मग प्रसाद, मग पाऊस, मग पावसची शेवटची गाडी. विचारायचं राहून गेलं.

सीडी काढायचं त्यानंतरच ठरलं. शहरातल्या एका खोलीत, भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले, आणि आत तुम्ही सगळे घामाघूम. मुखपृष्ठावर तुझा फोटो, फेटा वाकडा. मी म्हटलं, शाहीर कमी आणि नवरदेवाचा मामा जास्त दिसतोस. तू ती सीडी उशाशी घेऊन झोपायचास, सुलभानंच सांगितलं मला. कुणी घरी आलं की पाण्याच्या तांब्याआधी सीडी पुढे यायची.

आणि नेमके त्याच दिवसांत सगळ्यांच्या हातात ते मोबाईल आले. नखाएवढ्या कार्डात शेकडो गाणी. तुझ्या कारखान्याच्या वळणावर दिनूचं दुकान होतं, चकमक मोबाईल. बाहेर पाटी, 'गाणी भरून मिळतील'. समुद्रावर जाणारे खलाशी बर्फ आणि डिझेल भरून घ्यायचे तसंच कार्डही भरून घ्यायचे. दिनू तुझ्या वर्गातला. त्यानं तुझ्याकडून एक सीडी विकत घेतली, रीतसर, पाठ थोपटून. ती एक सीडी सगळ्या किनाऱ्याला पुरली.

इथवर तू गप्प होतास. रागावलेला होतास पण गप्प. लोक गातायत, म्हणत होतास. मग दिनूची गाणी बाकीचे दुकानदार उतरवून घ्यायला लागले आणि दिनूला राग आला. चोरी करतात म्हणे साले! म्हणून त्यानं प्रत्येक गाण्यावर आपल्या दुकानाचं नाव चढवलं. भाचीकडून बोलून घेतलं, लाडीक आवाजात, "चकमक मोबाईल, मिरकरवाडा! गाणी भरा, मजा करा!" आता हे घालायचं कुठे? जिथे वाजप नाही, जिथे स्पष्ट ऐकू येईल, तिथे. तुझ्या गाण्यात अशी एकच जागा होती. तू ढोलकी थांबवून तयार करून ठेवलेली.

तू दुकानात गेलास तेव्हा मी बरोबर नव्हते, पण तुमचं बोलणं तू मला इतक्यांदा ऐकवलंस की मला पाठ आहे. तू म्हणालास, "दिन्या, पैशाचा सोड. माज्या नावावं तुजा नाव कशाला?" आणि तो खरोखर गोंधळून म्हणाला, "अरे, तुजा नाव हाय की खाली. आमी फक्त वरती बोललो."

मग तू तक्रार द्यायला निघालास. मला नेलंस, मास्तरीण बरोबर असली की ऐकतात म्हणून. चौकीतले हवालदार घाटावरचे. "कुठलं गाणं?" त्यांनी विचारलं. तू दोन ओळी म्हणून दाखवल्यास, आणि त्यांचा चेहरा उजळला. "आयला, हे तुमचं व्हय? आमच्याकडं हाय की!" त्यांनी फोन काढला, गाणं लावलं, सगळी चौकी मान डोलवत राहिली. शेवटी दिनूची भाची बोलली. हवालदार म्हणाले, "आवाज लई गोड हाय तुमचा," आणि चहा मागवला. आपण चहा प्यायलो आणि बाहेर आलो. तू आधी पोट धरून हसलास. मग गटाराच्या कठड्यावर बसलास आणि पुष्कळ वेळ उठला नाहीस.

आपलं भांडण लागलं ते यानंतर. माझ्या स्वयंपाकघरात फोनवर तुझं गाणं लागलं होतं, तू भाऊबिजेला आलेला, आणि शेवटी ती भाची बोलली. तू हातातली करंजी ताटात ठेवलीस. "बाय, तू माजी भयीन की चकमक मोबाईलची?" मी म्हटलं, अरे, सीडी लावायचं यंत्र बिघडलं, दुरुस्त करणारा नाही, मला भावाचा आवाज ऐकायचा होता. मी काय करायला हवं होतं? मी अजूनही हेच विचारते. तेव्हा मी आणखीही बोलले. लोक ऐकतायत ना, मग समाधान मान. तू नाहीतरी माझ्या वर्गाला पाढ्यांची गाणी फुकट बांधून दिलीस, ती आता कुठल्या कुठल्या शाळांतून म्हणतात, तिथे कुठे नाव मागितलंस? तू शांतपणे म्हणालास, "ती मी दिलीत. ह्या त्यानं घेतलान. दिलेल्यात आनि घेतलेल्यात फरक नाय काय? तुज्या वर्गात एकान दुसऱ्याचा बगून लिवलान तर तू त्येला समाधान मान म्हनतंस?" मी म्हटलं, ते वेगळं. तू म्हणालास, कसं? मी म्हटलं, करंजी खा.

ते 'कसं' अजून तसंच पडून आहे, यशा. आता तर विचारणाराही नाही.

पण तुझंही चुकलंच, हे मी तू नाहीस म्हणून गिळणार नाही. तू हट्टाला पेटलास. पुन्हा आवाज डबीत घालणार नाही म्हणालास आणि खरोखर घातला नाहीस. पुढे गणपतीत कुणी फोन वर धरला की तू गाणं तोडायचास आणि फोन खाली जाईपर्यंत पाणी पीत बसायचास. लोक हसायचे, मग वैतागायचे, मग दुसऱ्या शाहिराकडे जायचे. इतक्या वर्षांची तुझी गाणी, दरसाल नवी, एकसे एक, त्यातलं आज काय आहे? काही नाही. दिनूनं एक सीडी चोरली, बाकीचं सगळं तू स्वतः लपवलंस. चोराला शिक्षा म्हणून घरच्यांना उपाशी ठेवलंस तू. ऐकतोयस का? मी रागावले आहे तुझ्यावर.

आणि लगेच मला केळशीचा तो मांडव आठवतो आणि राग टिकत नाही. सुलभाच्या भाचीचं लग्न, आपण पंगतीत बसलेलो, आणि मांडवातल्या कर्ण्यावर 'कातळावरचं पाणी' लागलं. वाढणारे गुणगुणत होते. समोरचे आजोबा डोळे पुसत होते. तू भाताचा घास हातात धरून त्यांच्याकडे बघत होतास. मला वाटलं, आता हा सांगणार, मी तो. तू तोंड उघडलंसही. गाणं शेवटाला आलं, ढोलकी थांबली, आणि तुझं नाव यायच्या जागी दिनूची ती भाची आली. तू मुकाट्यानं घास तोंडात घातलास. आजोबांनी मला विचारलं, "भाऊ कुठले?" मी म्हटलं, मिरकरवाड्याला असतो, बर्फाच्या कारखान्यात. तू मान हलवलीस.

बाराव्याला दिनू आला होता. मी ठरवलं होतं, आला तर तोंडावर दार लावायचं. पण तो उंबऱ्याशीच असा ढसाढसा रडला की सुलभाला त्याला धरावं लागलं. मी त्याला एकच विचारलं, वरचं बोलणं नसलेलं मूळ गाणं तुझ्याकडे असेल ना? तो म्हणाला, "नाय, बाय. नाव चढवला की मूळचा पुसून टाकायचो. जागा नसायची. आनि ती डिस्कपन आता गेली." मग जरा वेळानं म्हणाला, "माज्याकडं पन आता कोन येत नाय. सगला नेटवं मिलता. मी कवरां इकतंय." त्याला खरंच वाटत होतं की तुम्ही दोघे एकाच बोटीतले. मला त्याच्या कानाखाली मारावीशी वाटली. मी त्याला चहा दिला, तुझ्याच कपात.

नेटवरही बघितलं मी. आहे तुझं गाणं. कुणीतरी भलत्यानंच चढवलंय, खाली शाहिराचं नाव म्हणून तिसऱ्याचंच, आणि शेवटी आपली चकमक मोबाईल. खाली लोकांनी लिहिलंय, लहानपण आठवलं. मी त्यांना काय सांगू?

शब्द कुणाला तरी आठवत असेल, या आशेवर मी सगळ्यांना विचारलं. ढोलकीवाला दत्ताराम आता विरारला लेकाकडे असतो. फोनवर म्हणाला, "बाय, तितं माजी ढोलकी बंद. हात थांबला की मी पानी प्यायचो. कान कशाला देतंय?" झीलकरी म्हणाले, आम्ही ध्रुवपदापुरते. सुलभाला विचारलं. तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि म्हणाली, "मी कवा आयकला, वन्सं? तुमचा मंडल बारीवरना येयाच्या टायमाला मी वडे तलत असायची." तुझी बायको, यशा. आईसाठी घातलेला शब्द तिच्यापर्यंत पोचलाच नाही. मला माहीत होतं तू कागदावर काही ठेवत नाहीस, तोंडातच बांधायचास आणि तोंडातच ठेवायचास. तरी तिनं पत्र्याच्या पेटीपर्यंत सगळं उलटंपालटं केलं माझ्यासाठी.

राहता राहिले मी. मी तर ऐकली होती ती ओळ, तुझ्या तोंडून, देवळात. तो धरलेला हात आठवतो, उदबत्तीचा वास आठवतो, तू डोळे मिटून मान जराशी डावीकडे टाकलीस ते आठवतं. तुझे ओठ हलताना दिसतात. पण ओठ हलले की आवाज त्या मुलीचा येतो. इतकी वर्षं मी फोनवर ऐकलं ना तुला. रोज पोळ्या लाटताना ऐकलं. तुझ्यावरच्या मायेनंच ऐकलं. प्रत्येक वेळी तुझा शब्द थोडा पुसत गेला आणि मला पत्ताही लागला नाही.

काल संध्याकाळी देवळात तालीम होती. त्या गाण्यानंतर आलेला तुझा चेला सतीश मुंबईहून रजा काढून आलाय. गणपतीत तुझं हेच गाणं म्हणायचं ठरलंय, समोरच्या शाहिरानंही हरकत घेतली नाही. मला बोलावलं होतं. चालीत कुठे चूक नव्हती. सतीशच्या आवाजात तुझी छटा आहे, मान टाकण्याची लकबही उचललीय गाढवानं. आईचं घागर भरणं आलं, बाळाचं आभाळ फुटलं, आणि ढोलकी थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"आत्या, हितं काय हाय?" सतीशनं विचारलं. "आमाला फक्त चकमक मोबाईल ठावं हाय."

कुणी हसलं नाही. तो म्हणाला, तुम्ही मास्तरीण, तुम्हीच एक ओळ बसवून द्या, शाहिराचं आणि आयचं नाव घालून. मला जमलं असतं रे. दोन नावं आहेत, मात्रा मोजता येतात, आईला लावायला चांगले शब्द मराठीत पुष्कळ आहेत. पण मग मी तुझ्या जागेवर माझं काहीतरी चढवलं असतं, आणि दिनूत आणि माझ्यात काय राहिलं असतं? मी म्हटलं, नको. ढोलकी थांबव, तेवढा वेळ गप्प बसा, आणि मग ध्रुवपद घ्या. जागा मोकळी राहू दे.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, या मोकळ्या जागेत कदाचित तो येईल. शब्द नाही तर नाही, निदान आवाज तरी. ढोलकी थांबली. देवळात पागोळ्यांचा तेवढा आवाज होता. सगळे गप्प होते, आणि खांबाला टेकून बसलेली वरच्या वाडीतली म्हातारी काशीबाय हात जोडून, अगदी सुरात, सावकाश म्हणाली, "चकमक मोबाईल, मिरकरवाडा."

चेष्टा नव्हती ती, यशा. तिचे डोळे पाण्यानं भरले होते. गाणं असंच संपतं असं तिला वाटतं, आणि तिला तुझी आठवण आली होती. सतीशनं माझ्याकडे बघितलं. त्या गप्प जागेत मीही मनात तेच म्हटलं होतं.